बंडूजींचा स्विस चाकू

तळेगावात बंडूजींचं कापडाचं दुकान होतं, पण १९९५ पासून लोक तिथे चाकू बघायला जात. दुबईहून आलेल्या मेहुण्याने त्यांना लाल मुठीचा स्विस चाकू दिला, त्या दिवसापासून बंडूजी स्वित्झर्लंडचे झाले. नकाशावर तो देश त्यांना दाखवता आला नसता, पण त्याच्याविरुद्ध ते एक शब्द ऐकून घेत नसत. समोरचे किराणावाले भैय्याजी जर्मन चाकूवाले; तो कायम त्यांच्या खिशात. गावात दोन तट पडले. शेजारी म्हणून मी स्विसच्या बाजूने भांडायचो, कारण चहा बंडूजी पाजत.

चाकूने त्यांनी कधी काही कापलं नाही.

"कापाले घरी विळी हाय," ते म्हणत. "पातं उघडलं का हवा लागते त्याले."

दर दसऱ्याला मात्र चाकू पाटावर मांडून ते त्याच्या सांध्यात घरच्या जवसाचं तेल थेंब थेंब सोडत, हळदकुंकू वाहत आणि मिटलेलाच खिशात ठेवत. भैय्याजींकडेही हीच रीत.

२००६ च्या फेब्रुवारीत मुलाचं, धर्मेंद्रचं लग्न निघालं. आमच्याकडे नवरदेवाच्या हाती कट्यार असते, टोकाला लिंबू. बंडूजींनी घरची कट्यार पुतण्याला देऊन टाकली. "माह्या पोराच्या हाती स्विसच राहीन!" वरात निघायच्या वेळी भैय्याजींना मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवलं. अकरा वर्षांची पत पणाला लागली होती.

बंडूजींनी पात्याच्या खाचेत नख घातलं. नख तुटलं. धर्मेंद्रने दात लावून पाहिले. जवसाचं तेल वाळलं की घट्ट चिकटतं, म्हणूनच सुतार ते दाराला लावतात, हे अकरा वर्षांत कुणालाच सुचलं नव्हतं, मलाही नाही. बँड दोनदा थांबला. भैय्याजींनी हसायला हवं होतं, पण ते मान खाली घालून स्वतःचा खिसा चाचपत होते.

बंडूजींच्या बायकोने, अनुसयाबाईंनी, स्वयंपाकघरातून भाजीचा सुरा आणला, टोकाला लिंबू खुपसलं आणि मुलाच्या हाती दिला.

"चाल, येळ होऊन राह्यला."

लग्न झालं. बंडूजींनी चाकू कपाटात टाकला आणि दुकानात कापडाबद्दल बोलायला लागले. ते ऐकवत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि फुकट प्यायलेल्या चहाची लाजही.

आठवड्याने अनुसयाबाईंनी चाकू रॉकेलात भिजत घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो उघडून त्या दुकानात आल्या. आमच्या भागात संत्र्याला कुणी चाकू लावत नाही, हाताने सोलतात. बाईंनी नवऱ्यासमोर संत्रं सालीसकट मधोमध कापलं.

"मस्त चालते जी तुमचा चाकू."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या असं म्हणाल्या. अर्धं संत्रं हातात धरून बंडूजी रडायलाच लागले. मग धोतराने डोळे पुसून त्यांनी रस्त्यापलीकडे हाक मारली:

"भैय्याजी, तुमचाबी घेऊन या. रॉकेल उरलं हाय."