वैशाखऱ्याची विचारपूस

सापगावची वंदना अंगणवाडी चालवायची. छत्तिशी उलटली तरी लग्न जमलं नव्हतं. पाण्यावर बायका म्हणायच्या, "वंदाबाय, दुसऱ्यांची पोरं खेळवूनच तुझी हौस फिटली काय गो?" ती हसून हंडा उचलायची.

दोन हजार सात साली ती शहापूरला कॉम्प्युटर शिकायला जाऊ लागली. तिथंच लग्न जुळवणाऱ्या एका साइटवर तिनं आपला फोटो टाकला. आठवड्याभरात अनिकेतचा मेल आला. नोकरी दुबईला, मूळ गाव वैशाखरे, घर विहाराच्या मागं. सुरुवातीला 'जय भीम' लिहिलेलं. त्या दोन शब्दांवर तिनं पुढचं सगळं खरं मानलं.

इकडं बौद्धवाडीत सोयरीक ठरण्याआधी मुलीचा बाप नाहीतर भाऊ मुलाच्या गावी जातो. विहारात टेकतो, चार घरचा चहा पितो, माणसं पारखून येतो. मुलीनं स्वतः जायचं नसतं. भावाला, सदानंदला सांगावं असं वंदनाच्या कितीदा ओठावर आलं. पण या वयात आपल्याच तोंडानं नवऱ्याची गोष्ट कशी काढायची?

मग अनिकेतनं कळवलं, लग्नाची साडी धाडलीय, पण पार्सल विमानतळावर अडकलंय, सोडवायला पैसे भर. साडी हातात आली की दादाला दाखवू, असं ठरवून वंदनानं गळ्यातली आईची बोरमाळ मोडली. पैसे भरले, आणि मेल यायचे थांबले.

महिनाभर तिनं वाट पाहिली. मग एका रविवारी मुरबाडला एसटी बदलून एकटीच वैशाखऱ्याला उतरली. विहारामागं घर नव्हतं. कापणी झालेलं भाताचं खाचर होतं. विहाराच्या पायरीवर धोंडाबाई नावाची म्हातारी वाल सोलत बसली होती.

"अनिकेत? दुबईवाला?" म्हातारी हसली. "आमच्यातला कोण कल्याणच्या पुढं गेला नाय गो. कोणाची सोयरीक? बहिणीची?"

वंदनानं मान हलवली. "बहिणीची."

"भावाला नाय धाडलं?"

"त्याला टाइम नव्हता."

"बरं केलंस, आधी इचारलंस. रडंल दोन दिस, रडू दे. तिचं काय गेलं तर नाय ना?"

वंदनाचा हात गळ्याशी गेला.

"नाय," ती म्हणाली.

परतीच्या एसटीला अवकाश होता. ती म्हातारीशेजारी बसली आणि वाल सोलू लागली.