केळशीकर बाईंनी दिलेली ओ

डॉ. विमल केळशीकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चिडलेल्या होत्या. किरनापूरच्या वाटेवरच्या आमच्या लहानशा रुग्णालयात त्यांचा तो पहिलाच दिवस. व्हरांड्यात पेशंट दाटीवाटीने बसलेले, आणि बाई स्वतः दारात उभ्या राहून नावं पुकारत होत्या. "शांताबाई!" कोणी हललं नाही. शांताबाई तर अगदी समोर, पोट दाबून बसल्या होत्या. बाईंनी दुसरं नाव घेतलं, तिसरं घेतलं. सगळे ढिम्म. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सिस्टर, इथे सगळ्यांचे कान तपासायचे आहेत का?"

मी म्हटलं, "कान चांगले हायेत बाई. तुम्ही एकदाच हाक मारून राह्यल्या."

आमच्या नदीकाठच्या गावांत एका हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारतो. जे एकदाच हाक मारतं ते माणूस नसतं, आणि त्याला जो ओ देतो त्याला ते घेऊन जातं. हे आम्हाला पाळण्यात असल्यापासून शिकवलेलं असतं. मी नर्सिंग शिकले, सूक्ष्मदर्शकातून जंतू पाहिले, तरी घरी असो की वॉर्डात, पहिली हाक मी सोडूनच देत आले. मला वाटलं, या कोकणातल्या शिकलेल्या बाई आता हसतील, नाहीतर भाषण देतील. त्यांनी नुसती मान हलवली, पुन्हा दारात गेल्या आणि म्हणाल्या, "शांताबाई, शांताबाई." शांताबाई टुणकन उठल्या. तेव्हापासून आमच्याकडे नाव दोनदा पुकारायचं असं ठरून गेलं. नवीन येणाऱ्या नर्सला सुई टोचायला शिकवायच्या आधी बाई हे शिकवत.

स्वतः बाई मात्र पहिल्याच हाकेला ओ द्यायच्या. स्वयंपाकघरातून आमच्या कौसल्याबाईंनी नुसतं "बाई" म्हटलं, की इकडून खणखणीत "ओ!" मी किती वेळा टोकलं! एकदा त्या मला म्हणाल्या, "दुर्पताबाई, दुसऱ्या हाकेपुरता दम प्रत्येकाच्या छातीत असेलच असं नाही. मी डॉक्टर आहे, मी थांबून कसं चालेल?" मी म्हटलं, "मग निदान पावसाळ्यात तरी थांबत जा." त्या हसल्या आणि राउंडला गेल्या.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळींनी मला "सेवाभाव" या विषयावर दोन पानं लिहायला सांगितली. तेही मराठीत, म्हणजे हिंदी शाळेत शिकणारी माझी नात अडखळणार आणि मला विचारणार, "आजी, ये क्या लिखा है?" असो. सेवाभावावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बाईंनी किती बाळंतपणं केली, कोणाच्या दारी चिखलातून चालत गेल्या, ते इतर पानांवर येईलच. मी पुराच्या वर्षाचं लिहिते. ती पूर्ण गोष्ट तिघींनाच ठाऊक आहे. त्यांतल्या कौसल्याबाई या विषयावर तोंड उघडत नाहीत, आणि बाईंना विचाराल तर त्या तुमचाच रक्तदाब तपासतील.

त्या वर्षी पाऊस थांबल्यावर पूर आला. वैनगंगा फुगली की ती बाघ नदीचं पाणी मागे लोटते, आणि ते पाणी आमच्या शेतांतून गुपचूप वर चढतं. धबाबा आवाज नाही, लाटा नाहीत. सकाळी धुणीघराच्या मोरीतून पाणी उलटं वर येताना दिसलं, तेव्हा आम्हाला कळलं. ॲम्ब्युलन्स बालाघाटला पेशंट घेऊन गेली होती, ती तिकडेच अडकली. आम्ही चालते-बोलते आणि न चालणारे असे सगळे पेशंट वरच्या मजल्यावर नेले. दुपारपर्यंत खाली छातीभर पाणी झालं. मी जिन्यावरून वाकून पाहिलं, तर ओपीडीतली लाकडी बाकं आपापली जागा सोडून हळूहळू बाईंच्या खोलीच्या दाराकडे सरकत होती, नंबर लागल्यासारखी. वारा नव्हता. बेडूक ओरडत नव्हते, कावळा नाही, कुत्रं नाही. अशी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, आणि देवाशपथ, पुन्हा ऐकायची इच्छाही नव्हती.

भर दुपारी कौसल्याबाई वरच्या गॅलरीत स्टोव्हवर खिचडी ढवळत होत्या, मी सलाईन बदलत होते. तेव्हा हाक आली. एकच.

"दुर्पे."

माझ्या बाबांचा सूर. दुर्पे म्हणणारं त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि बाबांना जाऊन बरीच वर्षं लोटली होती. मी दात घट्ट आवळून उभी राहिले. कौसल्याबाईंचा चमचा पातेल्यात थांबला होता. आणि खाटेपलीकडून केळशीकर बाईंचा आवाज आला, नेहमीसारखा खणखणीत, "ओ! आले, आले!"

बाई मागच्या बाजूला धावल्या. तिकडे पंपघराच्या पत्र्यावर एक बाई बसलेली होती. गुडघे पोटाशी घ्यायला येत नव्हते, इतके तिचे दिवस भरलेले. बाजूच्या टोल्यावरची, म्हणजे वस्तीवरची, सुनीता होती ती, आमच्याकडेच तपासायला यायची. पहाटे घरात पाणी शिरल्यावर धावपळीत माणसं चुकली आणि ती एकटीच इथवर येऊन अडकली होती. आमच्या खिडकीतून पंपघर झाडाआड होतं. कोणी तिकडे पाहिलंच नव्हतं.

बाईंनी विहिरीचा दोर कमरेला बांधायला घेतला. मी त्यांचा हात धरला. "जाऊ नका बाई, तुमच्या पाया पडते. तिनं दुसऱ्यांदा बोलावलं नाही."

"अहो, डोळ्यांनी दिसते आहे ना समोर? सोडा हात."

बाई खाडीकाठी वाढलेल्या, पोहण्यात तरबेज. पण तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. झाकणं घट्ट लावलेले पाण्याचे दोन रिकामे ड्रम एकमेकांना बांधून त्यांनी सोबत घेतले आणि जिन्यावरून त्या गढूळ पाण्यात उतरल्या. दोराचं दुसरं टोक खांबाला वेढा घालून मी आणि कौसल्याबाईंनी धरलं. मध्यावर गेल्यावर बाई थांबल्या आणि त्यांनी मान वळवली. सुनीतेकडे नाही, उजवीकडे, जिथे नुसतं पाणी होतं. दोर पंपघराच्या दिशेने जायला हवा होता. तो उजवीकडे ताणला गेला होता, ताण असा की त्यातून पाणी गळत होतं. आणि तिकडे ओढ नव्हती, पाणी अगदी स्थिर होतं, पान टाकलं असतं तर जागच्या जागी राहिलं असतं. कौसल्याबाई रडत होत्या. "माय वो, सोडू नको, सोडू नको," एवढंच म्हणत होत्या. आम्ही पाय रोवून जीव खाऊन ओढलं. मग दोर एकदम सैल पडला, आणि बाई पत्र्याला हात लावताना दिसल्या.

सुनीतेला ड्रमांवर घालून त्यांनी आणलं. संध्याकाळच्या आत वरच्या मजल्यावर, कंदिलाची वात पेटवायची वेळ येण्यापूर्वी, मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी सुनीतेला पेज भरवताना मी तिला म्हटलं, "बरं झालं वो तू आवाज देला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी नाही आवाज देला, सिस्टर. माहं त तोंडच उघडत नव्हतं, दातखीळ बसली होती. मी मेली असंच मले वाटून राह्यलं होतं. मंग तुमच्याकडून कोणी 'ओ' म्हणलं, तवा समजलं का अजून आहो."

बाई शेजारीच बाळाला न्याहाळत होत्या. त्या म्हणाल्या, "पण मला तर स्पष्ट ऐकू आलं, छबे म्हणून." छबी हे त्यांचं आईने ठेवलेलं नाव. आई गेल्यावर ते कोणी घेतलं नव्हतं, आणि इथे त्यांनी ते कोणाला सांगितलंही नव्हतं. मी म्हटलं, "बाई, मला दुर्पे ऐकू आलं." कौसल्याबाईंनी हातातली ताटली खाली ठेवली. "मले कौसे आयकू आलं," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडावर घेऊन बाहेर गेल्या. त्या दिवसानंतर त्यांनी हा विषय काढू दिलेला नाही.

म्हणजे हाक आम्हा तिघींना होती, आणि ओ एकट्या बाईंनी दिली होती. मी दिली नव्हती आणि त्याचं मला तेव्हा वाईटही वाटलं नाही, आमची रीतच ती. भीती मात्र वाटली. जे माझ्या नावाने आलं होतं ते आता बाईंच्या मागे लागणार, आणि ते कधी येईल हे कोण सांगणार?

पाणी ओसरलं. भिंतींवर खांद्याएवढ्या उंचीवर मातकट रेघ राहिली, ती चुना मारला तरी वर्षभर दिसत होती. बाळांच्या वजनकाट्याच्या ताटलीत एक मेलेली मासोळी निघाली. सगळीकडे तो वास. तापाची, जुलाबाची रीघ लागली आणि बाई सकाळपासून खुर्चीवरून उठत नव्हत्या. पण पेशंट त्यांच्याकडे बघत नव्हते. वरच्या मजल्यावरच्या पेशंटांनी बाईंची ओ ऐकली होती, आणि ती बातमी गावोगाव पोचली होती. बायका मुलांचे डोळे पदराने झाकून त्यांना आत आणायच्या. बाई हातभर अंतरावर बसलेल्या असताना एका म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं, "बाई अजून हायेत का?" दुसऱ्या एकीने औषध घेताना बाईंच्या बाहीला बोट लावून पाहिलं. बाईंना सगळं कळत होतं. त्या एकालाही उलट शब्द बोलल्या नाहीत. फक्त तपासताना प्रत्येकाच्या मनगटावर हात जरा जास्त वेळ ठेवायच्या, म्हणजे समोरच्याला त्यांच्या हाताची ऊब कळावी.

मी काळा दोरा मंतरून आणला. वाटलं होतं, झिडकारतील. त्यांनी डावा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "बांधा. पण घड्याळाच्या वर बांधा, सेकंदकाटा झाकू नका." तो दोरा दर वर्षी बदलतो, पण हात कधी रिकामा राहिलेला नाही. पाहुण्यांनी सत्कारात शाल घालताना नीट पाहावं.

त्याच दिवसांत मी तापाने आडवी पडले. ताप डोक्यात गेला होता, मला सगळीकडून हाका ऐकू येत होत्या आणि मी ओठ शिवल्यासारखी पडून होते. औषध घेईना, पाणी घेईना. घरचे हाका मारून थकले, मला खरी कोणती ते कळेना. मग बाई येऊन उशाशी बसल्या. आधी माझा हात धरला, आणि मग म्हणाल्या, "दुर्पे, दुर्पे." थांबल्या. पुन्हा, "दुर्पे, दुर्पे." अशा जोडीजोडीने त्या किती वेळ हाका मारत होत्या कोण जाणे. शेवटी मी ओ दिली. माझी बहीण सांगते, मी ओ दिल्यावर बाई तोंड फिरवून रडल्या. माझ्या देखत त्या रडल्याचं मला तरी आठवत नाही.

तेव्हापासून दर पावसाळा मी बाईंवर पहारा देत काढला आहे. त्यांना नदीकडच्या गावी जायचं असलं की माझी गुडघेदुखी उपटते. पोळा सरला की जीव भांड्यात पडतो. बाईंना हे माहीत आहे आणि त्या मला "माझी हवालदारीण" म्हणतात. म्हणू देत.

आता गेल्या श्रावणातलं सांगते, आणि थांबते. मी रिटायर झाले तरी दुपारची रुग्णालयात जाऊन बसते. बाईंना अलीकडे कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण ते बहुतेक वेळ सुपारीच्या डबीत असतं. पाणी कुंपणापर्यंत येऊन थांबलं होतं. आम्ही दोघी व्हरांड्यात तरोट्याची भाजी निवडत बसलो होतो. पाऊस थांबला. बेडूक थांबले. मी ती शांतता ओळखली.

"छबे."

एकदाच. कुंपणाकडून, प्रेमाने.

मी बाईंकडे पाहिलं. त्या कोवळी पानं खुडत होत्या, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. आता दुसरी हाक येणार नाही हे मला माहीत होतं. अन् ही हाक अशीच सोडली, तर उद्या मशीन कानात असताना ती पुन्हा येईल, आणि या बाई पहिल्याच हाकेला ओ देणार, हेही माहीत होतं. मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने, म्हटलं, "ओ! आली!"

"काय म्हणालात?" बाईंनी वर पाहिलं.

"काही नाही. तुम्ही भाजी निवडा."

ओ दिली की जावं लागतं, म्हणून मी कुंपणापर्यंत गेले. तिथे कोणी नव्हतं. पाणी मात्र उतरायला लागलं होतं, चिखलावर ओली किनार दिसत होती. मी परत येऊन भाजी निवडली, आणि आम्ही ती डाळ घालून खाल्ली.

बाई, हे वाचून तुम्ही माझ्यावर रागावणार. रागवा. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, हातातला दोरा दर वर्षी बदलायची वेळ येवो, शंभराव्या वर्षीही तुमच्या ओपीडीत अशीच दाटी असो. फक्त एवढं ऐका. सत्काराच्या दिवशी मंचावरून कोणी तुमचं नाव एकदाच पुकारलं, तर उठू नका. त्यांना दुसऱ्यांदा पुकारू द्या. पहिल्या हाकेला मी आहे.

— दुर्पता बोरकर, निवृत्त परिचारिका