वाढत्या हाताचं पिस्तूल

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की ते छर्ऱ्याचं पिस्तूल आठवतं आणि आजही माझं डोकं तापतं. आठवीत होते. जिल्ह्याच्या नेमबाजीसाठी पिस्तूल घ्यायला बाबा मला वडनेरहून नागपूरला घेऊन गेले. लहान पिस्तूल माझ्या हातात नेमकं बसलं, तरी बाबांनी मोठंच उचललं. "बाबा, बोट घोड्याले पुरून नाई राह्यलं!" मी रडकुंडीला आले. "मंग? हात काय एवढासाच राहीन? वाढत्या अंगाचं घ्यावं, पाच वर्सं चालन." गणवेशही ते असेच घ्यायचे. स्पर्धेत पिस्तूल एकाच हातानं धरायचा नियम; मी ते दोन्ही हातांनी धरलं आणि पंचांनी मला बाद केलं. घरी बाबा मशीनचं तेल पिस्तुलाला चोळत शांतपणे म्हणाले, "पुढल्या वर्सी बरोबर बसन." परवा मला चाळीस पूर्ण झाली. कपाटातून ते पिस्तूल काढून धरून पाहिलं. बोट अजून घोड्यापर्यंत पोचत नाही.