सायाळीच्या पिल्लाचा आवाज

मी लहान मुलांसाठी टीव्हीवरची कार्टून मालिका करायचो. ‘करायचो’ असं लिहिताना अजून हात अडखळतो. मालिका सायाळीच्या एका पिल्लाची होती. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण नावाचे हक्क चॅनेलकडे आहेत आणि चॅनेलचे वकील माझ्यापेक्षा बारकाईने वाचतात. घरात आम्ही त्याला नुसतं पिल्लू म्हणायचो. सहा वर्षांचं, अंगभर काटे, नाक जरा मोठं आणि दर दोन वाक्यांनी ‘का?’ऐवजी आपल्या वऱ्हाडी ‘काहून?’ने विचारणारं. या ‘काहून’वर पुण्याच्या काही पालकांनी तक्रारी केल्या होत्या, मुलं घरी तसंच बोलायला लागली म्हणून. मला त्या तक्रारींचा फार अभिमान होता.

त्याआधी मी शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. नोकरी सोडून प्रताप नगरच्या घराच्या वरच्या मजल्यावर चार संगणक मांडले तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. मुंबईचे लोक तर मीटिंगमध्ये विचारायचे, तुम्ही हे नागपुरातून करता? जसं काही पेन्सिल नागपुरात चालत नाही. मी म्हणायचो, हो, उन्हाळ्यात जरा गरम होते तेवढंच.

कार्टूनमध्ये आवाज आधी येतो आणि चित्र मागून, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. पात्र काय आणि कसं बोललं ते आधी रेकॉर्ड करायचं, मग त्या आवाजावर ओठ, भुवया, मान, हात सगळं बसवायचं. पहिला भाग करताना तात्पुरता, कच्चा आवाज हवा होता. मी बायकोला खालून हाक मारली. ती कणकेचे हात तसेच घेऊन वर आली, कागदावरची वाक्यं म्हटली, आणि भाजी लागेल म्हणून निघून गेली. ती उमरेडची, विणकराच्या घरची. हातमागाच्या खटखटीत बोलायची लहानपणापासून सवय, त्यामुळे तिचा शब्द न् शब्द सुटा ऐकू यायचा. पण ती पिल्लाचं बोलली तेव्हा तो तिचा आवाज नव्हताच. एक उर्मट, प्रेमळ, जरासा नाकात बोलणारा पोरगा खोलीत येऊन गेला होता.

चॅनेलने पुढे आवाजाचं काम करणाऱ्या नावाजलेल्या मुली ऐकवल्या. सगळ्या गोड, इतक्या की दात दुखावेत. शेवटी तिकडूनच फोन आला की कच्चाच ठेवा. मग आम्ही एका खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या आणि ती पिल्लू झाली. रेकॉर्डिंगला चपला काढून टाचा उचलायची, हनुवटी थोडी खाली घ्यायची, पोटाशी उशी धरायची. पिल्लू खोटं बोलणार असलं की आधी नाकाने छोटासा श्वास घ्यायची. तो श्वास मी कधी लिहिला नव्हता. मी फक्त ऐकायचो आणि काढायचो. लोक मला पिल्लाचा जन्मदाता म्हणायचे, पण खरं सांगायचं तर मी त्याचं अंग काढत होतो. जीव तिचा होता.

आम्हाला मूल नाही. नातेवाईक भावुक होऊन म्हणायचे, पिल्लूच तुमचं लेकरू. ती म्हणायची, लेकरू असतं तर भांडी घासायला लावली असती. नातेवाइकांचं हे बोलणं तिला अजिबात आवडत नसे आणि ती ते लपवतही नसे.

या सगळ्यात चॅनेलची एक अट होती. पिल्लाचा आवाज कोण काढतं हे कुणालाही कळता कामा नये. मुलांचा विश्वास मोडायचा नाही. ही अट आम्ही सोवळ्यासारखी पाळली. उमरेडला तिच्या आईलाही सांगितलं नव्हतं. आई रोज मालिका बघायची आणि आम्हालाच ऐकवायची, हे पोट्टं बहुत चावट आहे. कुणी म्हणालं, वहिनी तुमचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो, तर ती म्हणायची, सर्दी झाली. वर्षानुवर्षं असं ‘नाही’ म्हणून म्हणून ते आमच्या अंगात मुरलं होतं. ते म्हणताना आम्हाला विचारही करावा लागत नसे.

मग तिच्या गळ्यावर गाठ आली. घोट घेताना वर-खाली व्हायची, आधी मलाच दिसली, कारण माणसांच्या माना बघत बसणं हा माझा धंदा. थायरॉइडची निघाली. रामदासपेठेतल्या एका सर्जनकडे गेलो. डॉक्टर भला माणूस होता, घाई नाही, वाक्य पूर्ण ऐकून घ्यायचा. गाठ काढावी लागेल म्हणाला आणि ऑपरेशन समजावताना त्याने सरळ विचारलं, “आवाजाचं काही काम करता का? गाणं, शिकवणं, असं काही?”

ती म्हणाली, “नाही जी. घरीच असते.”

आणि मी शेजारी बसून मान हलवली.

खाली पार्किंगमध्ये स्कूटर काढताना मला खटकलं. मी तिला म्हणालो, सांगायला पाहिजे होतं का? तिने हेल्मेटचा पट्टा लावत म्हटलं, गाठीचा आणि पिल्लाचा काय संबंध, आणि पुन्हा तीन जिने चढायचे का आता? लिफ्ट बंद होती. शिवाय, डॉक्टर, ही सायाळीच्या पिल्लाचा आवाज काढते, असं त्या गंभीर माणसाला जाऊन सांगायचं म्हणजे मलाही जरा हसू येत होतं. आम्ही घरी आलो.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली, जिवावरचं काही नव्हतं. उमरेडहून तिचा भाऊ एसटीने पेढे घेऊन आला. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरने नाव विचारलं, तिने स्पष्ट सांगितलं. आवाज छान आहे, डॉक्टर म्हणाला. सगळे आनंदात होते, मीही होतो. जखम भरल्यावर आम्ही वर गोधड्यांच्या खोलीत गेलो. तिने चपला काढल्या, टाचा उचलल्या, तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली.

पुन्हा केलं. पुन्हा हवा. खालचे सूर सगळे जागच्या जागी होते. भाजीवाल्याशी घासाघीस करता येत होती, भावाला फोनवर रागावता येत होतं. फक्त वर चढायला गेलं की एका जागी जिना संपायचा. पिल्लू नेमकं त्याच्या वर राहत होतं. तिने उशी खाली ठेवली आणि म्हणाली, थोडे दिवस जाऊ द्या.

ते दिवस गेले. मी रोज सकाळी चहा देताना विचारायचो, काही येतंय का? ती नाही म्हणून मान हलवायची. ती बाथरूममध्ये नळ सोडून प्रयत्न करते हे मला कळायचं, कारण बादली भरून वाहिली तरी नळ बंद होत नसे. वर माझ्याकडे कामाला असलेली चार पोरं संगणकासमोर बसून जुन्या भागांची डागडुजी करत होती आणि माझ्याकडे बघणं टाळत होती. माझ्याच्याने एक चित्र होईना. कागद समोर घेतला की कळायचं नाही, पिल्लाचं तोंड किती उघडायचं.

शेवटी पुन्हा रामदासपेठेत गेलो आणि या वेळी सगळं सांगितलं. डॉक्टर हसला नाही. त्याने आतून दुर्बिणीने पाहिलं, मग कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. उंच सुरांची एक बारीक नस असते, गाठीच्या अगदी कडेने जाते, ती दुखावली आहे. परत येते कधीकधी, पण इतक्या काळानंतर त्याला फारशी आशा वाटत नव्हती. मी विचारलं, आधी सांगितलं असतं तर? त्याने त्या कागदाची घडी घातली. मग म्हणाला, ती नस जपतो तर मी प्रत्येकाचीच, पण सांगितलं असतं तर खास तीच शोधत गेलो असतो. तरी वाचली असती असं ठामपणे नाही म्हणता येत. हे उत्तर मी तेव्हापासून रोज उलटसुलट करतो आहे. त्याने खोटं बोलून ‘काही फरक पडला नसता’ म्हटलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

मी चॅनेलला एक वेडं पत्र लिहिलं, की पिल्लाला मोठं करू या, त्याचा आवाज फुटला असं दाखवू या. फोन आला, तोही हसऱ्या आवाजात. सर, पिल्लू सहा वर्षांचंच राहणार, भाग उलटेसुलटे दाखवतो आपण. बरोबरच होतं ते. आमच्या धंद्यात कुणी मोठं होत नाही. मग त्यांनी त्यांचा तोडगा सांगितला. इतक्या वर्षांचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे आहे, त्यावरून मशीन हुबेहूब आवाज तयार करतं. वाक्य टाइप करायचं, पिल्लू बोलतं. मॅडमची संमती तेवढी लागेल. नमुना पाठवतो, ऐकून बघा.

तिला सांगितलं तर ती कांदा चिरत राहिली.

नमुना दुपारी आला. पोरं जेवायला गेली होती, मी एकटाच वर होतो. सुरू केला आणि खोलीत पिल्लू आलं. तेच, नाकातलं, उर्मट. ‘काहून पण?’ म्हणालं. मी रडलो. हे लपवण्यात अर्थ नाही, मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, मग पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. पेन हातात घेतलं तर ते आपोआप चालायला लागलं. डोळे, नाक, वर केलेला एक काटा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कळत होतं, तोंड किती उघडायचं. मला इतका आनंद झाला होता की दार उघडल्याचं समजलंच नाही.

ती दारात उभी होती. केव्हापासून, ठाऊक नाही. मी नमुना बंद करायला गेलो तर म्हणाली, राहू द्या, ऐकू द्या. पूर्ण ऐकला. मग माझ्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

“गाठ निघाली तेव्हापासून तुम्ही रोज विचारता, काही येते का म्हणून,” ती म्हणाली. “मी बोलून राहिली ना तुमच्याशी. रोज बोलून राहिली. ते तुम्हाले ऐकूच येत नाही.”

मी म्हणालो, तसं नाही. तिने हातानेच थांबवलं.

“खरं सांगा. तुम्हाले तो पाहिजे ना?”

नाही म्हणता आलं असतं. त्या क्षणी तेच बरं दिसलं असतं. पण पेनाची शाई अजून ओली होती आणि तिने मला पाहिलं होतं. मी म्हणालो, “हो.”

मला वाटलं, ती खाली निघून जाईल, किंवा चिडून, द्या इकडे, करते सही, असं म्हणेल. ती आत आली आणि पोरांच्या खुर्चीवर बसली.

“मलेही पाहिजे,” ती म्हणाली. “मलेच जास्त पाहिजे. पण हा तो नाही. मी नसताना बोलून राहिला हा.”

आणि मग ती रडली. आई गेली तेव्हा ती रडली होती ते घरभर माणसं होती म्हणून कोपऱ्यात, तोंडाला पदर लावून. ही अशी, पदर न लावता, तिच्या स्वतःच्या खालच्या, जड आवाजात रडताना मी तिला संसारात पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं ज्याच्या एकेका श्वासावर मी चित्रं काढली त्या पोराला हा आवाज कधी दिला नव्हता तिने. तो तिने कुणालाच दिला नव्हता. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, मला तिची भीती वाटली, की आपण या बाईला ओळखतच नाही.

तिने संमती दिली नाही, असं मी चॅनेलला कळवलं. त्यांनी वाद घातला नाही. मालिका आमच्याकडून काढून घेतली, करारात ते बसत होतं. आता मालिका दुसऱ्या शहरात बनते, दुसरी मुलगी बोलते, दुसरी माणसं काढतात. शेजारची छोटी परवा माझ्याकडे बघून म्हणाली, काका, कालचा भाग मस्त होता. तिला काही फरक कळलेला नव्हता, आणि मी थँक्यू म्हणालो. माझ्याकडची चार पोरं हळूहळू कामाला लागली कुठे कुठे. वरची खोली तशीच आहे. दिवस जात नाही. मी चिडचिडा झालोय असं ती म्हणते, ते खरं आहे. पिल्लाची आठवण येते तेव्हा ती खऱ्या मुलाची येते तशीच येते, आणि हे तिच्यासमोर बोलायची मला अजून हिंमत नाही.

पण त्या दुपारी, ती खुर्चीवर डोळे पुसत असताना, मी स्पीकरचं बटण बंद केलं. बाहेर कुणाचा तरी कूलर घरघरत होता. मी विचारलं, “कसं वाटून राहिलं तुले?”

डोळ्यांवरचा हात तिने खाली घेतला.

“बहुत टाइम लावला तुम्ही,” ती म्हणाली, आणि मग सांगायला लागली.