डॉयलांचं देवक

जानेफळच्या स्टँडवर मेहकरची एसटी लागली तेव्हा माझे वडील कंडक्टरशी वाद घालत होते. कंडक्टर म्हणत होता, बॅग मांडीवर घ्या. वडिलांचं म्हणणं, परदेशी चाललेला माणूस बॅग मांडीवर घेऊन बसेल काय? माझी सहा वर्षांची मुलगी ऋतुजा खिडकीशी बसून चिवडा खात होती. तिची आई, सुनीता, आठ महिने आधीच नर्सच्या नोकरीवर आयर्लंडला पोचली होती. म्हणजे गजानन कोल्हे कर्तबगारीनं परदेशी गेला हा गावातला समज साफ चुकीचा आहे. मी बायकोच्या मागे बॅग घेऊन गेलो, आणि ती बॅगही शेवटी मांडीवरच होती. गाडी हलली तसे वडील खिडकीतून म्हणाले, "कोनी विचारलं तं नाव पुरं सांगजो. बापाचं नाव, आडनाव, गाव. अर्धं सांगू नको."

या गोष्टीला वीस वर्षं झाली. पुरं नाव मी महिनाभर सांगितलं. मग स्ट्रॉबेरीच्या पॅकिंग शेडमधल्या सुपरवायझरनं माझा 'गॅरी' करून टाकला. गावी शेतीत हात काळे करायचे नाहीत म्हणून मी बी.एड. झालो होतो. इथे वेक्सफर्डला येऊन हात लाल केले, एवढीच काय ती प्रगती. वडिलांना फोनवर मी "फळांच्या कंपनीत आहे" असं सांगायचो. ते गेले, तोवर त्यांचा समज होता की कंपनी माझीच आहे.

या भागात दगड मारला तर डॉयलला लागेल, इतके डॉयल आहेत. पोस्टमन डॉयल, दातांचा डॉक्टर डॉयल. ऋतुजाच्या वर्गात चार होते. कोणता डॉयल हे कळावं म्हणून लोक घराण्यांना टोपणनावं देतात: होडीवाले, पाववाले, टेकडीवरचे. मला हे फार ओळखीचं वाटलं. जानेफळला आमच्या आळीत कोल्ह्यांची इतकी घरं की आम्ही चक्कीवाले, काका विहिरीवरचे, आणि एका घराला अजून फटफटीवाले म्हणतात. ती फटफटी मी कधी पाहिलेली नाही.

तर ऋतुजानं या होडीवाल्या डॉयलांच्या शॉनशी लग्न केलं. इथेच, नोंदणी ऑफिसात. गावाकडून व्हिसामुळे कोणी आलं नाही. निदान आम्ही सगळ्यांना सांगितलं तसं.

आता जे निघून गेलेत त्यांना माहीत असेल, आणि जे मागे राहिलेत त्यांना तर आहेच, की आपल्याकडे लग्न ऑफिसात लागून भागत नाही. आमच्या घरी दर काही वर्षांनी भाटबुवा येतात. त्यांच्या घराण्याकडे आमची वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहे. ओसरीवर सतरंजी पडते, लाल बासनातली वही उघडते, सगळ्यांची नावं मोठ्यानं वाचली जातात आणि मग नवे जन्म, लग्नं, मरणं लिहिली जातात. सासरी गेलेल्या मुलीला एक ओळ मिळते: कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या कुळात दिली. तिची पोरंबाळं पुढे सासरचा भाट लिहितो.

ती ओळ नसली तर भाटबुवा नाव वाचतात, "पुढं माहिती नाही" म्हणतात आणि पान उलटतात. माझ्या एका आत्यानं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं होतं. तिच्या नावापुढे हे शब्द मी लहानपणी ऐकलेत. नंतर घरात तिचं नाव कोणी काढलेलं मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी दादाचा फोन आला. दादा म्हणजे मोठा भाऊ. वडिलांनंतर वहीत काय जायचं ते तोच सांगतो. भाटबुवा यायचे होते.

"डॉयल म्हंजे कोन बे? कुळ काय त्यायचं? देवक काय? मूळ गाव?"

"चांगले लोक आहेत दादा."

"चांगले तं सगळेच राह्यतेत. देवक सांग. तुले माहीत नाही अन् पोरगी देली?"

देवक म्हणजे लग्नात पुजायचं घराण्याचं चिन्ह. आमचं उंबर. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर सोयरीक होत नाही. ऋतुजाच्या नावापुढे "पुढं माहिती नाही" हे शब्द मी पुन्हा ऐकू शकलो नसतो. म्हणून मी डब्लिनला जाऊन पर्यटकांच्या दुकानातून किल्ल्या अडकवायचं एक किचेन विकत घेतलं. तिथे आडनावांप्रमाणे चिन्हं टांगलेली असतात. डॉयलच्या खाली तीन हरणांची मुंडकी होती. मी फोटो पाठवला आणि छाती फुगवून सांगितलं, "देवक हरीण."

"मुंडकी तीन अन् हरीन एकच काऊन?" दादानं विचारलं. पण आवाजात समाधान होतं. उंबर आणि हरीण जुळायला हरकत नव्हती.

मी हे मोठ्या अभिमानानं व्याह्यांना, म्हणजे शॉनच्या वडिलांना, डेक्लनला सांगितलं. तो चहा सांडेपर्यंत हसला. "ते त्याच नावाच्या कुण्या जमीनदाराचं असेल गॅरी. माझा आजा हेरिंग मासे साफ करायचा. आमचं चिन्ह सुरी." मग त्यानं डॉयल या नावाची फोड पेपरच्या कडेला लिहून दाखवली. डुव म्हणजे काळा, गॉल म्हणजे परका. पुढचा 'ओ' म्हणजे नातू. काळ्या परक्याचा नातू. समुद्रातून जहाजं घेऊन लुटारू आले, काही इथेच राहिले, आणि इथल्या लोकांनी त्यांना जे म्हटलं तेच त्यांचं नाव झालं. इंग्रजांच्या काळात पुढचा 'ओ' गळाला. आजोबांच्या पलीकडे त्याच्याकडे एकही नाव नव्हतं. लिहिणारं कोणी नव्हतं, म्हणाला.

"आणि कोल्हे म्हणजे?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. "मग तुम्ही आमच्याकडेही आहात. फॉक्स आडनावाचे. पार देशाच्या मध्यभागात राहतात."

मी घरी आलो आणि किचेनला घराच्या किल्ल्या लावून टाकल्या, म्हणजे ते वाया जायला नको. पण दादाला सांगायला दहा दिवस लागले. तोवर त्यानं आळीत सगळ्यांना हरणाचं सांगून टाकलं होतं. एका म्हाताऱ्या काकांनी तर हरीणवाल्यांशी आपली जुनी सोयरीक असल्याचंही आठवून दिलं होतं.

"दुकानातून देवक आनलं?" दादा म्हणाला. मागे आळीतली कोंबडी ओरडत होती. "भाटापुढं मी खोटं सांगनार होतो म्हंजे. बाप राह्यला असता तं तुले..." पुढचं त्यानं सोडून दिलं. "कोल्ह्यायचं बी सांगतलं का त्यायले?"

"सांगितलं. तिकडेही कोल्हे आहेत म्हणे."

"तेच्यात देली नाही, नशीब समज. सगोत्र झालं असतं." आणि फोन ठेवला. तो चिडला होता की हसत होता, मला कळलं नाही. व्हिडिओवर असता तरी कळलं नसतं, दादाच्या मिश्या तशा आहेत.

भाटबुवा आले त्या दिवशी दादानं व्हिडिओ कॉल लावला. इथे सकाळ, तिकडे दुपार. ऋतुजा आणि शॉन माझ्या सोफ्यावर, डेक्लन मधे, नवा शर्ट घालून. दादा म्हणाला, "मी काही सांगनार नाही. यायलेच विचारा."

भाटबुवांनी चष्मा वर केला. "कुळ?"

डेक्लननं सांगितलं, मी मराठीत केलं: माहीत नाही.

"देवक?"

"नाही."

"मूळ गाव?"

"समुद्रापलीकडून आलेले. कुठून, ते माहीत नाही. आता वेक्सफर्ड."

भाटबुवांनी दादाकडे पाहिलं. ऋतुजानं माझा हात धरला होता, आणि मला लाज वाटत होती की मुलीला धीर द्यायच्या जागी मीच घामानं भिजलोय.

"यायचा भाट कोन?" दादानं अचानक विचारलं.

"भाट नसतो दादा इथे. लिहिणारं कोणीच नाही."

"मंग हिचे लेकरं कोन लिहीन?"

डेक्लन माझ्याकडे पाहत होता. त्याला शब्द कळले नव्हते, पण प्रश्न त्याच्याच घराचा आहे एवढं कळलं असावं.

"लिहा," दादा भाटबुवांना म्हणाला. "ऋतुजा. देली डॉयलायच्या घरी, वेक्सफर्ड. देवक माहीत नाही असंच लिहा, जे हाय ते." मग त्यानं वहीच्या पानावर स्वतःचा हात आडवा ठेवला. "अन् याच्या खाली चार बोटं जागा सोडा. हिचे लेकरं इथंच लिहू."

भाटबुवा म्हणाले, मुलीची पोरं आपल्या वहीत लिहायची रीत नाही.

"हाव, नाही रीत," दादा म्हणाला. "पन हात मी काढत नाही."

मला आता लोक विचारतात, इथले आणि तिथले, की तुमचं घर कुठे. आधी मी वेक्सफर्ड म्हणून मग घाईनं जानेफळ जोडायचो, म्हणजे कोणी नाराज व्हायला नको. आता एवढंच सांगतो की जानेफळला एका वहीत दादाच्या हाताएवढी कोरी जागा आहे. ऋतुजाला पाचवा महिना लागलाय. भाटबुवा यायला अजून अवकाश आहे, पण दादानं परवाच फोन करून विचारलं, नाव तिकडलं ठेवनार की इकडलं, म्हंजे वहीत किती जागा लागन ते समजते.