आत्याने न घेतलेलं नाव
शेंगा भाजल्याचा वास आला की मला अजून एका जागी बसवत नाही, कारण आयुष्यातला सगळ्यात शहाणा गाढवपणा मी त्याच वासात केला. धारवाडात मी तेव्हा स्त्रियांच्या इतिहासात एम.ए. करत होते आणि फीपुरते पैसे घेऊन लोकांच्या वंशावळी काढून देत होते. केलगेरीतल्या एका घरी यजमानांची म्हातारी आत्या चुलीवर शेंगा भाजत होती. लग्नाच्या वर्षभरातच नवऱ्याने टाकलेली, तेव्हापासून माहेरीच. माझ्या कागदावर तिच्या शेजारची चौकट रिकामी होती आणि नवऱ्याचं नाव ठाऊक असलेलं तिच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं. "ते नाव तेवढं विचारू नको, बाई," ती म्हणाली. झालं! पुस्तकातली सगळी क्रांती माझ्या अंगात संचारली. नवऱ्याचं नाव न घेणं ही बेडी आहे, तोडा ती, असं मी उठत-बसत, येरझारा घालत तिच्या डोक्याशी भुणभुणत राहिले. शेवटी वैतागून तिने नाव सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या, "सुटलात बघा, आत्या!" तिने उलथणं खाली ठेवलं, शेंगा करपायला लागल्या तरी हलली नाही. आज मी तिच्या वयाची झाले, शहाणपण किती आलं ते नातवंडांना विचारा, तिचं बोलणं मात्र शब्दन्‌शब्द पाठ आहे: "मानापायी घेत नव्हते असं वाटलं होय तुला? अगं, त्या मेल्याचं नाव या तोंडात आणायचं नाही, असं त्याच्या दारातून निघताना ठरवलं होतं. हयातभर पाळलं की. आज तू मोडायला लावलंस, आणि वर टाळ्या वाजवतीस!"