फौंड्रीवाल्यांची कार्डं

साहेबांनी दुकानातला बिस्किटाचा डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. आत आमच्या सहकारी बँकेची कार्डं होती, गठ्ठ्यानं. प्रत्येकाच्या पाठीवर पेननं गुप्त नंबर लिहिलेला.

हे साहेब मुंबईचे. सगळ्या बँकांवर जी मोठी बँक नजर ठेवते, तिथले. मी शिरोली एमआयडीसीत पिग्मी गोळा करायचो. म्हणजे रोज फिरून लोकांची थोडी थोडी बचत घ्यायची. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या हिशेबावर कुणी कधी बोट ठेवलं न्हाई. दोन हजार सालानंतर आमच्या चेअरमननी कार्ड काढलं. पैसे माझ्यामार्फत कार्डात भरायचे आणि दुकानात मशीनवर घासायचे. परवानगी मागनं घेऊ म्हणाले.

फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, भट्टीजवळ खिशातलं कार्ड वाकडं व्हायचं. म्हणून सगळ्यांनी ते दुकानदाराकडंच ठेवलं, नंबरासकट.

"नंबर असा लिहून ठेवायला या लोकांना कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"सांगाय कशाला लागतंय? दुकानदार काय पळून जातोय व्हय?" मी म्हटलं.

"मामा, तुम्ही माणूस ओळखता. मशीन फक्त नंबर ओळखतं."

मला राग आला. साहेबांनी तिथंच दुकानदाराला कागद वाचून दाखवला. परवानगी नसल्यानं आठवडाभरात मशीन बंद, शिल्लक बँकेनं परत द्यायची. कार्डं ज्याची त्याला द्या म्हणाले आणि गाडीत बसले.

फौंड्रीच्या कॅन्टीनमधल्या सुनंदाबाईनं पोरीच्या नर्सिंगची फी कार्डात साठवलेली. त्याच संध्याकाळी दुकानदारानं ते रिकामं केलं. तुझ्या नवऱ्याची जुनी उधारी होती म्हणाला. नवरा वारलेला, मग खरं-खोटं कुणाला विचारायचं?

"काका, तुमच्या तोंडाकडं बघून भरलं की मी," एवढंच ती बोलली.

सकाळी तिला घेऊन बँकेत गेलो. साहेबांची तपासणी चालूच होती. त्यांनी मशीनची चिठ्ठी बघितली.

"नंबर बरोबर आहे, कार्ड चालू होतं. यात आम्हाला काही करता येत नाही. पोलिसांत जा."

"काल तुम्हीच तर बघितलासा, नंबर कुठं लिवल्यात ते."

"बघितलं ना. रिपोर्टात लिहिलंय."

पोलिसांनी उधारीचं भांडण म्हणून वाटेला लावलं. पोरगी त्या वर्षी नर्सिंगला गेली न्हाई. आईशेजारी कपबश्या विसळायला उभी राहिली. चेअरमन परत निवडून आले.

कार्ड बंद केलं ते बरोबरच, असं मी आजही म्हणतो. पण आधी लोकांचा पैसा लोकांच्या हातात द्यायचा असतो. दुकानदाराला कागद त्यानंतर वाचून दाखवायचा.